शेवटचं पान झाकून ठेवा : ईसीची जुनी भयकॉमिक्स वाचायची, निवडायची आणि जपायची कशी

घरात एखादं जुनं पोस्टकार्ड असेल तर शोधून ठेवा. १९५० च्या दशकातली अमेरिकन भयकॉमिक्स वाचायला बसताना त्याच्याइतकं उपयोगी साधन दुसरं नाही. कथेचं शेवटचं पान उलटलं की डोळा आपोआप खालच्या कोपऱ्याकडे धावतो. मजकूर वाचायला वेळ लागतो, पण चित्र क्षणात कळतं. दार उघडं आहे, खुर्ची रिकामी आहे, त्याच्या हातात अमुक आहे. सात पानं लेखकानं आणि चित्रकारानं मिळून घट्ट बांधत आणलेली गाठ आपण नकळत एका नजरेत सोडवून बसतो. म्हणून पान उलटतानाच पोस्टकार्ड आत सरकवायचं, खालचा अर्धा भाग झाकायचा आणि एकेक चौकट उघडी करत खाली यायचं.

गेली पंधरा-सोळा वर्षं मी ही कॉमिक्स वाचतो आहे. ती सुरुवातीला वाचणारे बहुतेक जण शेवटची कलाटणी म्हणजेच कथा असं समजतात, आणि ती एकदा कळली की अंक बाजूला टाकतात. मला हे फार चुकीचं वाटतं. या कथांमधला धक्का शेवटच्या चौकटीत फुटतो खरा, पण तो पेरलेला असतो पहिल्या पानावर. पेरणी बघायची तर दुसऱ्यांदा वाचायला हवं. पुढची सगळी माहिती त्या दुसऱ्या वाचनासाठीच आहे.

आधी ओळख : ईसी म्हणजे काय

भयकॉमिक्स त्या काळात अमेरिकेतल्या अनेक प्रकाशकांनी काढली, पण कलाटणीची कथा ज्यांनी घडवली ते ईसी कॉमिक्स. मॅक्स गेन्स यांनी १९४४ मध्ये ही संस्था सुरू केली तेव्हा नाव होतं एज्युकेशनल कॉमिक्स, आणि बायबलमधल्या व इतिहासातल्या गोष्टी काढायचा बेत होता. १९४७ मध्ये लेक प्लॅसिड इथे बोटीच्या अपघातात ते गेले आणि पंचविशीतला मुलगा विल्यम गेन्स याच्या अंगावर धंदा पडला. त्याला अल फेल्डस्टीन हा लेखक-चित्रकार भेटला आणि १९५० साली दोघांनी मिळून दिशाच बदलली. 'एज्युकेशनल' जाऊन 'एंटरटेनिंग' आलं.

मुख्य भयमालिका तीन: 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट', 'द व्हॉल्ट ऑफ हॉरर' आणि 'द हॉन्ट ऑफ फिअर'. त्यांच्या जोडीला गुन्हा आणि रहस्याच्या दोन, 'क्राइम सस्पेन्स्टोरीज' आणि 'शॉक सस्पेन्स्टोरीज'. 'वीअर्ड सायन्स' आणि 'वीअर्ड फॅन्टसी' या विज्ञानकथांच्या, पण कलाटणी त्यांतही तीच. किंमत १० सेंट, दर दोन महिन्यांनी एक अंक, अंकात साधारण चार कथा आणि प्रत्येक कथा सहा ते आठ पानांची.

गेन्सला झोप कमी. रात्री तो ढीगभर कथा वाचायचा, त्यातून सुचलेली बीजं कागदाच्या चिटोऱ्यांवर लिहून सकाळी फेल्डस्टीनसमोर ठेवायचा. त्यातलं एखादं पटलं की फेल्डस्टीन त्याच दिवशी बसून कथा लिहायचा, तीही थेट चित्राच्या कागदावर चौकटी आखून. मजकूर आधी आणि चित्र नंतर, हा क्रम लक्षात ठेवा. वाचताना त्याचा उपयोग होणार आहे.

क्रमांकांचा घोळ आधीच समजून घ्या

नवा वाचक पहिला अंक शोधायला जातो आणि तो सापडतच नाही. कारण टपाल खात्याकडून नव्या मासिकाचा परवाना घ्यायला पैसे पडत, म्हणून प्रकाशक जुन्या मालिकेचं नाव बदलून क्रमांक तोच पुढे चालवत. 'व्हॉल्ट ऑफ हॉरर' एका गुन्हेकथा मालिकेच्या जागी आलं, त्यामुळे ते १२ व्या अंकापासून सुरू होऊन ४० वर संपतं. 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट' १७ पासून ४६ पर्यंत, आणि त्यातले पहिले तीन अंक 'द क्रिप्ट ऑफ टेरर' या नावाने निघालेले.

सगळ्यात फसवी मालिका 'हॉन्ट ऑफ फिअर'. ती १९५० मध्ये १५, १६, १७ अशी निघाली. मग टपाल खात्याने हरकत घेतली आणि पुढचा अंक आला चौथा! तिथून क्रमांक २८ पर्यंत गेले. म्हणजे १५, १६ आणि १७ या क्रमांकांचे प्रत्येकी दोन वेगवेगळे अंक आहेत, एक १९५० चा आणि दुसरा १९५२-५३ चा. 'वीअर्ड सायन्स' आणि 'वीअर्ड फॅन्टसी'मध्येही हाच प्रकार झाला आहे. त्यामुळे अंक मागवताना नुसता क्रमांक सांगून भागत नाही, सोबत साल सांगायचंच.

कुठून सुरुवात करायची

पहिल्या अंकापासून क्रमाने वाचू नका. १९५० चे अंक चाचपडत काढलेले आहेत. हात बसला तो १९५२ ते १९५४ मध्ये. मी कुणालाही पहिल्यांदा 'व्हॉल्ट'च्या ३५ व्या अंकातली जॉनी क्रेगची नाताळच्या रात्रीची कथा देतो. नवऱ्याचा खून करून बसलेली बाई, घरात लहान मुलगी, आणि बाहेर वेड्यांच्या इस्पितळातून सुटलेला खुनी सांताक्लॉजच्या वेशात. पोलिसांना बोलवावं तर खून उघडा पडणार. एवढंच सांगतो. क्रेग स्वतःच्या कथा स्वतः लिहायचा, त्यामुळे त्याच्याकडे शब्द कमी आणि चित्रात मोकळी जागा जास्त. नवख्या वाचकाला तो सोपा जातो.

त्यानंतर 'हॉन्ट'च्या १२ व्या अंकातली ग्रॅहम इंगल्सची 'पोएटिक जस्टिस'. गरीब, म्हातारा, मुलांचा लाडका माणूस आणि त्याला वस्तीतून हुसकावू पाहणारे श्रीमंत शेजारी. इंगल्स चित्रांवर 'घास्टली' अशी सही करायचा. त्याची रेषा ओली, लोंबणारी, जुन्या वाड्याच्या भिंतीवरून उतरणाऱ्या शेवाळासारखी. मग 'टेल्स'च्या ४६ व्या, म्हणजे शेवटच्या अंकातली जॉर्ज इव्हान्सची 'ब्लाइंड अॅलीज', अंधांच्या आश्रमातली. ती रात्री वाचू नका, हे मी मनापासून सांगतो.

भूतप्रेत नको असेल तर 'शॉक सस्पेन्स्टोरीज' घ्या. त्यातली भुतं म्हणजे शेजारीपाजारी, जमाव, पोलीस. दुसऱ्या अंकातली 'द पेट्रियट्स' ही जॅक डेव्हिसने काढलेली कथा मिरवणुकीतल्या जमावाची आहे. ध्वज समोरून जाताना एक माणूस टोपी काढत नाही आणि लोक चिडतात. सहा-सात पानांत ही कथा जे सांगते ते मला आजही पुन्हापुन्हा वाचावंसं वाटतं.

लहान मुलांच्या हाती मात्र ही कॉमिक्स देऊ नका. 'हॉन्ट'च्या १९ व्या अंकातला जॅक डेव्हिसचा बेसबॉलचा सामना मोठ्यांच्याही पोटात ढवळून काढतो.

वाचायचं कसं

पहिली गोष्ट: निवेदकाला टाळू नका. क्रिप्ट-कीपर, व्हॉल्ट-कीपर आणि ओल्ड विच ही तीन म्हातारी पात्रं कथेच्या आधी आणि शेवटी येऊन शाब्दिक कोट्या करतात. घाईत आपण त्यांना ओलांडून जातो. 'चांदोबा' वाचून वाढलेल्यांना हे सांगायची गरज पडू नये. खांद्यावरचा वेताळ नसता तर विक्रमाच्या त्या गोष्टी नुसत्या गोष्टी राहिल्या असत्या. तो गोष्ट सांगतो, शेवटी प्रश्न विचारतो आणि उत्तर मिळताच झाडाकडे परत जातो, त्यामुळे आपण ऐकणारे होतो. इथेही म्हातारी आपल्याला जवळ बसवून घेते. तिच्या कोटीत पुष्कळदा शेवटाची चाहूल असते, पण ती कळते दुसऱ्या वाचनात.

दुसरी गोष्ट: चौकटीच्या वरच्या पट्टीतला मजकूर पूर्ण वाचा. ईसीच्या पानावर मजकूर फार असतो. अक्षरंही हाताची वाटत नाहीत, कारण ती नकाशे-आराखडे काढणारे वापरतात त्या लेरॉय साच्याने काढलेली असत. सुरुवातीला ती रुक्ष वाटतात. पण मजकूर आधी आणि चित्र नंतर हा क्रम आठवा. चित्रकाराला उरलेल्या जागेत चित्र बसवायचं असे, आणि त्याला मजकुराच्या विरुद्ध काही सांगायचं असेल तर ते तो चित्राच्या कोपऱ्यात सांगे. पट्टी एक म्हणते आणि चित्र दुसरं म्हणतं, तिथे थांबा. बहुतेक वेळा बी तिथेच पुरलेलं असतं.

तिसरी: निवेदन कुणाला उद्देशून आहे ते बघा. फेल्डस्टीनला 'तू' फार आवडायचं. तू जिना उतरतोस, तुझ्या मागे कुणीतरी आहे. हे 'तू' वाचकाला पात्राच्या कातडीत घालतं.

आता ही तिन्ही सूत्रं एका कथेवर लावून दाखवतो. त्यासाठी शेवट सांगावाच लागणार आहे. ज्यांना तो आधी कळायला नको असेल त्यांनी पुढचे तीन परिच्छेद सोडून द्यावेत आणि 'इम्पॅक्ट' मालिकेच्या पहिल्या अंकातली, १९५५ ची, 'मास्टर रेस' वाचून परत यावं.

कार्ल राइसमन नावाचा माणूस न्यूयॉर्कमधल्या भुयारी रेल्वेचा जिना उतरतो. पट्टीतला आवाज त्याला 'तू' म्हणतो आणि सांगतो की युद्धाची ती वर्षं, तो जर्मनी, ते तुला कधीच विसरता येणार नाही; त्या आठवणी तुझा पाठलाग करत राहणार. डब्यात एक काळ्या कोटातला, हाडं निघालेल्या चेहऱ्याचा माणूस चढतो. राइसमन त्याला ओळखतो आणि गोठतो. मग भूतकाळ येतो: हिटलरच्या सभा, ज्यूंची दुकानं फोडणारे जमाव, बेल्सनची छळछावणी. आपण धरून चालतो की हा त्यातून वाचलेला कैदी आहे आणि काळ्या कोटातला माणूस त्याचा छळ करणारा. तसं नाही. राइसमन त्या छावणीचा प्रमुख होता. तो पळतो, फलाटावरून घसरतो आणि गाडी येते. काळ्या कोटातला माणूस जमलेल्यांना सांगतो की मेलेला माझ्या ओळखीचा नव्हता.

आता पहिल्या पानावर परत या. पट्टीत कुठेही लिहिलेलं नाही की राइसमनवर अन्याय झाला. तुला विसरता येणार नाही, एवढंच लिहिलं आहे. ते वाक्य कैद्यालाही लागू पडतं आणि त्याला मारणाऱ्यालाही. आपण 'तू' ऐकलं, त्या कातडीत शिरलो आणि दया स्वतःच पुरवली. लेखक एकही शब्द खोटं बोललेला नाही. शेवटी कळतं की इतका वेळ आपण खुन्याची बाजू घेऊन घाबरत होतो. मला या कथेत जी कळ लागते ती या जागी. गाडीखाली सापडणारा माणूस त्यापुढे काहीच नाही.

चित्रकार बर्नार्ड क्रिगस्टीनला ही कथा सहा पानांत काढायला दिली होती. त्याने बारा मागितली, मिळाली आठ. मजकूर आधीच चौकटींत बसवलेला होता, म्हणून त्याने तो कापून काढला आणि नव्याने मांडला. एका चौकटीच्या जागी तीन-चार अरुंद चौकटी केल्या. गाडी समोरून जाते तेव्हा खिडक्यांतले तेच चेहरे पुन्हापुन्हा उमटतात, धावत्या डब्याकडे बघताना डोळ्याला दिसतात तसे. त्या चौकटींवर बोट ठेवून मोजत वाचा. वेळ कशी लांबते ते बोटाला कळेल.

चौथी आणि शेवटची सूचना: दिवसाला दोनपेक्षा जास्त कथा वाचू नका. सलग आठ वाचल्या की सांगाडा दिसू लागतो. जशास तसं मिळणार, ज्याने ज्या पद्धतीने मारलं तो त्याच पद्धतीने मरणार, हे आधीच कळतं आणि चव जाते. मी एक छोटी वही ठेवली आहे. शेवटचं पान उलटण्याआधी पेन्सिलीने माझा अंदाज लिहितो, मग पुढे जातो. अंदाज चुकला तर कुठल्या चौकटीने चुकवला ते शोधायचं, आणि बरोबर आला तर कुठल्या चौकटीने फोडला ते.

ही कॉमिक्स बंद का पडली, हे माहीत हवं

हे वाचल्याशिवाय खरेदीकडे वळू नका, कारण कुठला अंक महत्त्वाचा ठरतो ते यावरून कळतं.

१९५४ मध्ये फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाचं कॉमिक्समुळे मुलं बिघडतात असं सांगणारं पुस्तक आलं. बालगुन्हेगारीवरच्या सिनेट उपसमितीची सुनावणी २१ एप्रिल १९५४ रोजी न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली. गेन्स स्वतःहून साक्ष द्यायला गेला. सिनेटर केफॉव्हर यांनी 'क्राइम सस्पेन्स्टोरीज'चा २२ वा अंक पुढे केला. त्यावर क्रेगनेच काढलेलं चित्र: एका हातात कुऱ्हाड, दुसऱ्या हातात बाईचं कापलेलं डोकं. हे सुरुचीला धरून आहे का, असं त्यांनी विचारलं. भयकॉमिकच्या मुखपृष्ठाला शोभेल असं आहे, असं गेन्स म्हणाला. दुसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्रात झळकलं. 'शॉक'च्या १४ व्या अंकातल्या 'द ऑर्फन' या छोट्या मुलीच्या कथेवरूनही त्याची उलटतपासणी झाली.

त्याच वर्षी प्रकाशकांनी कॉमिक्स कोड नावाची आचारसंहिता स्वतःवर लादून घेतली. नावात 'हॉरर' आणि 'टेरर' हे शब्द चालणार नाहीत, रक्तपिपासू, चालती प्रेतं, लांडगामाणसं चालणार नाहीत. ईसीच्या तिन्ही भयमालिका १९५५ उजाडताना संपल्या. ही लाट तिकडेच थांबली नाही. ब्रिटनने १९५५ मध्ये आणि आपल्या संसदेने १९५६ मध्ये तरुणांना अपायकारक प्रकाशनांविरुद्ध कायदा केला. त्यात गुन्हे, क्रौर्य आणि किळसवाणे प्रसंग रंगवणाऱ्या चित्रकथांचाच विचार आहे.

कोड आल्यानंतरचा एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. 'वीअर्ड फॅन्टसी'च्या १८ व्या अंकात, १९५३ मध्ये, जो ऑर्लँडोने काढलेली 'जजमेंट डे' आली होती. पृथ्वीवरून आलेला तपासनीस यंत्रमानवांच्या ग्रहाची पाहणी करतो. तिथे नारिंगी यंत्रमानवांना सगळं चांगलं, निळ्यांना वेगळी वस्ती आणि दुय्यम वागणूक. आतली यंत्रं मात्र सारखीच. हा ग्रह अजून तयार नाही, असा निकाल देऊन तो परत निघतो आणि शेवटच्या चौकटीत शिरस्त्राण काढतो. तो काळा माणूस आहे. १९५६ च्या सुरुवातीच्या 'इन्क्रेडिबल सायन्स फिक्शन'च्या ३३ व्या अंकात ही कथा पुन्हा छापायला घेतली, तेव्हा कोडच्या प्रमुखाने त्या माणसाच्या रंगावर हरकत घेतली. तो बदलला तर कथाच उरत नाही. गेन्सने नकार दिला आणि कथा जशीच्या तशी छापली. ईसीने काढलेलं ते शेवटचं कॉमिक. त्यानंतर त्याच्याकडे 'मॅड' हे विनोदी प्रकाशन तेवढं उरलं, तेही मासिकाच्या रूपात.

कुठली आवृत्ती घ्यावी

बहुतेकांना मूळ अंकांची गरज नाही, पुनर्मुद्रण पुरे. आणि ती उत्तम आहेत, कारण गेन्सने जवळजवळ सगळी मूळ चित्रं सांभाळून ठेवली होती. दुसऱ्या कुठल्याच प्रकाशकाने त्या काळात असं केलं नाही.

रेषेचं वेड असेल तर कृष्णधवल घ्या. रस कॉक्रन यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून मोठ्या आकाराचे, पेटीतले कृष्णधवल संच काढले. ते आता जुन्या बाजारातच मिळतात. फँटाग्राफिक्सने २०१२ पासून चित्रकारवार खंड काढले आहेत. एकाच खंडात एकाच माणसाचं काम असल्यामुळे क्रेग, इंगल्स, क्रिगस्टीन यांचा हात ओळखायला शिकण्यासाठी यापेक्षा चांगली सोय नाही. मूळ अंकांच्या क्रमाने आणि रंगात वाचायचं असेल तर डार्क हॉर्सचे 'ईसी आर्काइव्ह्ज' खंड. त्यातला रंग संगणकावर नव्याने भरलेला आहे. मला तो थोडा गुळगुळीत वाटतो, कारण मूळ अंकात मरी सेव्हरिनने दिलेले रंग सपाट आणि मोजके होते, एखादी अख्खी चौकट नुसती निळी किंवा लाल. तरी पहिल्या वाचनाला हे खंड चांगले. १९९० च्या दशकात जेमस्टोनने काढलेले सुटे पुनर्मुद्रित अंक मिळाले तर जरूर घ्या, त्यात जाहिराती सोडता अंकाची मूळ बांधणी हाताला लागते.

ईसीचं साहित्य हक्कांत आहे, त्यामुळे इंटरनेटवर फुकट फिरणाऱ्या प्रतींच्या मागे लागू नका. बंद पडलेल्या इतर प्रकाशकांची हक्कमुक्त कॉमिक्स मात्र डिजिटल कॉमिक म्युझियम या संकेतस्थळावर रीतसर वाचता येतात. ती शेजारी ठेवून वाचली की ईसीची कारागिरी किती वरची होती ते लगेच कळतं.

मूळ अंक घ्यायचाच असेल तर

एका विक्रेत्याकडून मी 'व्हॉल्ट'चा एक अंक मूळ म्हणून मागवला होता. पाकीट उघडलं तेव्हा कागद पांढरा, वास नव्या छपाईचा. पहिल्या पानाच्या तळाशी बघितलं तर १९९० च्या दशकातलं साल. पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हापासून मी पैसे देण्याआधी चार फोटो मागतो: मुखपृष्ठ, मलपृष्ठ, मधल्या पिना आणि तळाची बारीक अक्षरातली प्रकाशनाची ओळ.

त्या ओळीत साल तर असतंच, पण प्रकाशकाचं नाव 'ईसी' असं नसतं. गेन्सने प्रत्येक मालिकेला वेगळी कंपनी लावली होती. 'टेल्स'वर आय. सी. पब्लिशिंग, 'व्हॉल्ट'वर एल. एल. पब्लिशिंग, 'हॉन्ट'वर फेबल्स पब्लिशिंग, आणि पत्ता २२५ लफायेट स्ट्रीट, न्यूयॉर्क. मुखपृष्ठावर १० सेंट हवेत. बारकोड दिसला तर तो अंक १९५० च्या दशकातला असूच शकत नाही. आकारही बघा: जुने अंक आजच्या अमेरिकन कॉमिकपेक्षा बोटभर रुंद असतात.

पिनेभोवती गंज, मुखपृष्ठ पिनेपासून सुटलेलं, कण्यावर चिकटपट्टी, कोपरा कापलेला, मधली पानं गायब या गोष्टी एकेक करून विचारा. रंगाने भरून काढलेल्या भेगा फोटोत दिसत नाहीत. सीजीसी ही संस्था २००० सालापासून अंक तपासून ०.५ ते १० असा दर्जा देते आणि प्लॅस्टिकच्या पेटीत बंद करते. डागडुजी केलेल्या अंकाला तिथे जांभळी पट्टी लागते. महाग अंकाला हा दाखला हवाच, पण बंद पेटीतला अंक वाचता येत नाही. म्हणून माझा सल्ला असा की एक-दोन कमी दर्जाचे, फाटके पण पूर्ण अंक घ्या आणि ते खरंच वाचा. त्यात पुनर्मुद्रणात नसणाऱ्या गोष्टी सापडतात, कुणा मुलाने पेन्सिलीने लिहिलेलं नाव, दुकानदाराने मुखपृष्ठावर टाकलेली आवक-तारीख. गेन्सने प्रत्येक अंकाच्या डझनभर न हाताळलेल्या प्रती बाजूला ठेवल्या होत्या. त्या १९९० च्या दशकात लिलावात विकल्या गेल्या आणि आज सर्वांत महाग जातात.

परदेशातून मागवताना सीमाशुल्क आणि टपालाचा खर्च आधी धरा, आणि अंक दोन जाड पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पाठवायला सांगा.

आपल्या पावसाळ्यात जपायचं कसं

हा कागद वर्तमानपत्री, लाकडाच्या लगद्याचा. त्यातलं आम्लच त्याला आतून जाळतं, म्हणून पानं तपकिरी होतात आणि कडा चुरा होऊन गळतात. परदेशी संग्राहकांच्या सूचना कोरड्या हवेच्या आहेत. मुंबईत आणि कोकणात जुलैत हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, तिथे त्या अर्ध्याच लागू पडतात.

अंक पॉलिएस्टरच्या, म्हणजे मायलरच्या पिशवीत ठेवा, मागे आम्लरहित पुठ्ठा घाला. पिशवी मागवताना जुन्या, रुंद मापाची मागा, आजच्या मापाच्या पिशवीत कोपरे दुमडतात. फाइलींना वापरतात ती पीव्हीसीची मऊ पिशवी अजिबात नको, ती शाई उचलते. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर कधीच नाही. पेटीत अंक उभे ठेवा, फार दाबून नाही आणि वाकतील इतके सैलही नाही. पेटी बाहेरच्या भिंतीला टेकू नये, पावसाळ्यात त्या भिंतीला ओल असते. जमिनीपासून वीतभर उंच ठेवा.

पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि आर्द्रतामापक ठेवा. साधा काटेवाला चालतो. काटा ६० च्या पुढे गेला की पुड्या बदला. कसर लागू नये म्हणून पूर्वी पोथ्यांच्या लाल कापडात वेखंडाचा तुकडा बांधत. मी पेटीच्या तळाशी, अंकांना लागणार नाही असा, कापडात बांधून ठेवतो. डांबराच्या गोळ्या मात्र टाकू नका, त्यांची वाफ कागदाला आणि प्लॅस्टिकला चांगली नाही.

बुरशीचे ठिपके दिसले तर तो अंक लगेच इतरांपासून वेगळा करा. ओला असताना पुसू नका, बुरशी पसरते. पंख्याच्या झोतात न ठेवता कोरड्या खोलीत सावलीत सुकू द्या, मग मऊ कोरड्या ब्रशने, तोंडाला फडकं बांधून, घराबाहेर झाडा. उन्हात घालायचा मोह होईल. घालू नका, मुखपृष्ठाचा लाल रंग आधी उडतो.

पावसाळाभर पेटी शक्यतो उघडायची नाही. दसऱ्याच्या सुमारास हवा कोरडी झाली की सगळे अंक बाहेर काढा, पुड्या बदला, पिना तपासा. हात धुऊन पूर्ण कोरडे करा, टेबलावर स्वच्छ सुती कापड पसरा, अंक सपाट ठेवून पान कोपऱ्याने नाही, तर मधून तळहाताने उलटा. आणि पोस्टकार्ड जवळ असू द्या. मूळ अंकात ते पानाला टेकवायचं नाही, फक्त वर धरायचं.